मातीशिवायचा पालक

सुषमा बेटा,

तुझी आई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी पालकाचे हेच निसटलेले पाइप पुन्हा जोडून राहिलो होतो. पालक तिच्या हातचा आहे, तो वाळू द्यायचा नाही.

तिच्या साड्या मामीला द्यायला मी सिहोऱ्याला जाऊन राहिलो. संध्याकाळी येतो. पंप बंद करू नको. लाइट गेली तर टाकीतलं पाणी मगानं वरच्या पाइपात ओत, ते फिरून टाकीतच येतं.

हा पालक पाइपातल्या पाण्यावरच वाढतो, टाकीत माती टाकू नको. "मातीबिगर झाड कसं जगन?" म्हणून तुझ्या आईनं मूठभर टाकली होती. पंप अडकला. मी खोलून बसलो, तर म्हणे, "पंपाले बोला ना, मले काहून पाहता?"

खालच्या पाइपात तिला मेथी लावायची होती. ती अजून लावली नाही.

बाबा