फक्त एवढीच चौकट छापा

२ मार्च, सोमवार. सकाळी दहा.
आजपासून ही वही. मोठं काम हातात घेतलं की नोंद ठेवावी, म्हणजे नंतर आपण कुठे बरोबर होतो ते सापडतं.

काम असं. ताईच्या प्राण्यांच्या दवाखान्यात गेल्या वर्षी मी सिस्टिम बसवली. मीच बनवली, मीच सांभाळतो. प्रत्येक जनावराचं स्क्रीनवर एक पान. त्यावर वजनाचा आलेख, लसी, जुनी औषधं आणि ‘घरी काय करायचं’ ही चौकट. मालकाला तेवढी चौकटच छापून हवी असते. प्रिंट दिली की येतात पाच पानं. मग रिसेप्शनच्या बाई त्यातून कात्रीने नेमकी चौकट कापून देतात. बावीस सेकंद लागतात. मी घड्याळ लावून बघितलं आहे.

गेल्या आठवड्यात बाई रजेवर होत्या. एका मांजराच्या मालकिणीला मी पाचही पानं देऊन टाकली. तिने तिसऱ्या पानावरचा गेल्या वर्षीचा डोस पाजला. मांजर दीड दिवस झोपून राहिलं. उठलं तेव्हा ठणठणीत होतं. ताई मात्र ठणठणीत नव्हती.

आज तिने सगळ्यांसमोर सांगितलं, छोटू, एकतीस तारखेपर्यंत एक बटण दाबलं की तेवढीच चौकट छापून आली पाहिजे, नाहीतर एक तारखेपासून पुन्हा हाताने लिहायची पिवळी कार्डं आणि तुझी सिस्टिम बंद.

मी शेहेचाळीस वर्षांचा आहे.

सिस्टिम बंद म्हणजे खिडकीजवळचं टेबल गेलं, फिरती खुर्ची गेली. मी ताईला म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे. मग स्वतःला विचारलं, हे फुशारकीने तर नाही ना बोललो? प्रामाणिकपणे तपासलं. नाही.

संध्याकाळी सहा.
सुरुवात केली नाही. दहा मिनिटांच्या कामाला एकोणतीस दिवस आहेत. घाई हा माझा जुना दोष, तो टाळला.

५ मार्च.
बटण तयार! पानाच्या बाकीच्या भागांना प्रिंटच्या वेळी लपायला सांगितलं. ते लपले. कागदावर फक्त चौकट. आणि तिच्या डोक्यावर ‘छापा’ असं लिहिलेलं ते निळं बटण. तेही छापलं गेलं.

बाईंनी कागद उजेडात धरला आणि म्हणाल्या, भाऊ, हे कागदावरचं दाबलं तर काय होतं? मी म्हटलं, काही होत नाही. त्या म्हणाल्या, मग बरं. पण कासव घेऊन आलेल्या आजोबांनी ते अंगठ्याने दोनदा दाबून बघितलं, तेव्हा त्या हसल्या. मला दिसलं.

निश्चय : बाईंच्या हसण्याकडे लक्ष द्यायचं नाही.

६ मार्च.
बटण लपवलं. आता कोरा कागद येतो. कारण शास्त्रीय आहे. कोडमध्ये पानाचे भाग डब्यांत ठेवतात; बटण ज्या डब्यात होतं त्याच डब्यात चौकट होती. मी अख्खा डबाच झाकला.

बाई म्हणाल्या, आज कात्री लागली नाही बघा.

९ मार्च, सोमवार.
बायको म्हणाली, झालं का ते दहा मिनिटांचं? मी म्हटलं, मूळ कल्पना झाली आहे, राहिला तो तपशील. ती म्हणाली, तुझ्या फडताळाचंही तसंच झालं होतं. फडताळाचा इथे काहीही संबंध नाही. त्याला फक्त दार राहिलं आहे.

आज मुख्य कामाला हात लावला नाही, पण वेळ वाया गेला असं नाही. पानावर सर्वांत वर ‘आतली नोंद’ अशी नवी चौकट केली. फक्त आपल्या माणसांसाठी. मालकांविषयी चार गोष्टी दवाखान्याला माहीत असाव्यात. नोंद नसेल तर चौकट दिसत नाही. नवीन कशाला बनवायची म्हणून ‘घरी काय करायचं’चीच नक्कल केली आणि मथळा बदलला. तीन मिनिटं लागली. यालाच मी शिस्त म्हणतो.

१२ मार्च.
आज अकरा नोंदी लिहिल्या. सगळ्या तटस्थ. त्यात राग आहे का, पुन्हा वाचून बघितलं. सात नंबरच्या नोंदीत थोडा होता. तो राहू दिला, कारण खरा होता.

१७ मार्च, मंगळवार. दुपारी साडेतीन.
जमलं!! बटण दाबलं की चौकट नावाने शोधायची, उचलायची, कोऱ्या पानावर ठेवायची आणि छापायची. दवाखान्याच्या मांजरावर सहा वेळा प्रयोग केला. म्हणजे त्याच्या पानावर. सहाही वेळा एकच कागद, एकच चौकट, सुबक अक्षर. त्याच्या पानावर अजून एकही आतली नोंद नाही, कारण त्याला मालक नाही.

ताई म्हणाली, उद्या मला सर्जरी आहे, तू आणि बाई बघून घ्या.

बाईंकडून कात्री रीतसर मागून घेतली आणि माझ्या खणात ठेवली. हा सूड तर नाही ना? विचार केला. नाही, हा बदलाचा एक टप्पा आहे. बाईंनी मुकाट्याने दिली. टोकाकडून धरून, मूठ माझ्याकडे करून. संस्कार आहेत.

१८ मार्च.
सकाळपासून अठ्ठावीस प्रिंट. एकही तक्रार नाही. मी टेबलावरून उठलोसुद्धा नाही. माणसाने उभी केलेली गोष्ट माणसाशिवाय चालू लागते, तेव्हाचं हे समाधान.

१९ मार्च, गुरुवार. सकाळी सव्वानऊ.
तक्रार आली.

काल अकरा जणांच्या हातात औषधाच्या जागी आतली नोंद गेली. बोक्याच्या मालकिणीला मिळालं : ‘एकच गोष्ट तीनदा सांगावी लागते. तिसऱ्यांदा मोठ्याने.’ कासववाल्या आजोबांना : ‘दोघांपैकी कासव जास्त चपळ.’ आणि एका प्राध्यापकांना (सात नंबरची नोंद) : ‘कुत्रा शहाणा आहे. त्या घरात तो एकटाच.’

कानात कुठले थेंब किती घालायचे, हे अकरा घरांपैकी एकालाही माहीत नाही, असं मला वाटलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, भाऊ, बसा. काल संध्याकाळीच मी सगळ्यांना फोन करून औषधं सांगितली. सकाळचा दुसरा कागद माझ्या हातात आला तेव्हाच मला कळलं होतं, पण तुम्ही इतके खुशीत होतात.

दुपारी.
ताईने मला आत बोलावलं. ती ओरडली नाही. ती म्हणाली, छोटू, लहानपणी तू शेजाऱ्यांबद्दल वहीत लिहायचास आणि वही त्यांच्याच ओट्यावर विसरून यायचास. मग तिने सगळ्या नोंदी स्वतः बसून पुसल्या. पुसण्याआधी वाचल्या. दारातून तिचे खांदे हलताना दिसले.

मुदत तीच. एकतीस.

२३ मार्च, सोमवार.
चार दिवस शोधतो आहे. चाचणीसाठी मांजराच्या पानावर नोंद लिहिली की नोंद छापली जाते, नोंद काढली की औषध छापलं जातं. माझ्या कोडमध्ये चूक नाही. तीन वेळा वाचलं. ब्राउझरवर संशय आहे.

२५ मार्च.
आता प्रिंटरवर संशय आहे.

२६ मार्च. दुपारी एक.
जेवणाच्या सुट्टीत बाई डबा घेऊन शेजारी येऊन बसल्या. मी त्यांना सोप्या भाषेत समजावलं : सिस्टिम चौकट नावाने शोधते आणि जी पहिली सापडेल ती उचलते. त्या म्हणाल्या, आपल्याकडे टायगर नावाचे पाच कुत्रे आहेत. मी नुसतं टायगर अशी हाक मारत नाही. एकदा मारली होती, तेव्हा तीन उठून आले आणि नको त्याला सुई टोचली. तेव्हापासून नावापुढे घरमालकाचं आडनाव लावते. तुमच्या या दोन चौकटींची नावं वेगळी आहेत ना?

मी म्हटलं, अर्थातच.

मग बघितलं. नक्कल करताना मथळा बदलला होता. कोडमधलं नाव बदलायचं राहिलं होतं. सिस्टिम टायगर म्हणून हाक मारत होती आणि जो वर बसला होता तो उठून येत होता.

मी त्याच निष्कर्षाकडे निघालो होतो. बाईंमुळे थोडा लवकर पोचलो, इतकंच. बाईंनी लोणच्याची फोड दिली. नको म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं.

२८ मार्च.
कासववाले आजोबा आले. मी फायलीच्या आड बसलो होतो. त्यांनी तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला आहे. ताईला म्हणाले, डॉक्टर, तुमच्या कागदाने डोळे उघडले, आता रोज सकाळी चालायला जातो. कासवही आहे सोबत. म्हणजे नोंद अगदीच निष्फळ गेली नाही.

हे मनातल्या मनात म्हटलं. निश्चय : मनातच ठेवायचं.

३१ मार्च, मंगळवार. संध्याकाळी पाच.
प्रात्यक्षिक झालं. ताई उभी, बाई उभ्या, मी खुर्चीत. टायगर क्रमांक चारचं पान उघडलं. बटण दाबलं. एकच कागद, एकच चौकट. नोंद नाही, निळं बटण नाही, गेल्या वर्षीचा डोस नाही. दिवसातून दोनदा, डाव्या कानात तीन थेंब. ताईने दोनदा वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाली, जमलं रे. पिवळी कार्डं रद्द.

सांगतो, डोळे भरून आले. धूळ होती असं वहीत तरी कशाला लिहू?

मग ताईने कागद पुन्हा हातात घेतला. वर चार ओळी, खाली सगळं कोरं. म्हणाली, एवढ्याशा चार ओळींना अख्खा कागद? बाई म्हणाल्या, एका कागदावर चार जनावरं बसतील. छापायची आणि कापायची.

सगळे माझ्या खणाकडे बघू लागले.

कात्री काढून दिली. टोकाकडून धरून. बाईंनी घेतली नाही. ताईने ठरवलं आहे की चूक बाईंनी शोधली, तेव्हा बटण त्या दाबतील, आणि बटणासाठी कॉम्प्युटर लागतो, तेव्हा खिडकीजवळ त्या बसतील. सिस्टिम चालू राहिली. मीही चालू राहिलो. माझं कापायचं बाकडं रिसेप्शनच्या मागे आहे, तिथेही वारा येतो.

बाईंनी अर्धा तास कापायला शिकवलं. कात्री हलवायची नाही, कागद हलवायचा. माझी कड अजून वाकडी येते आणि एका चौकटीला एक मिनिट दहा सेकंद लागतात. बाईंनी घड्याळ लावून बघितलं.

सरावाचा प्रश्न आहे. दहा मिनिटांचं काम.