आईची इरकल

९ फेब्रुवारी, रविवार

डोकं नुसतं तापलंय! आमच्या महिला मंडळाच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत आईची इरकल गेली — आणि कुणाकडे? गोजरबाईकडे! जुन्या कपड्यांवर भांडी देत गल्लोगल्ली फिरते ती. हॉल उघडायच्या आधीच दारात हजर. चांगल्या चांगल्या साड्या उचलल्या, गाठोडं बांधलं. आता मंद्रूपच्या बाजारात दामदुपटीनं विकणार.

आई जाऊन वर्ष झालं. तिची साडी एखाद्या गरजू बाईच्या अंगावर दिसावी म्हणून तर दिली मी. कपाटात ठेवून करायचंय काय? एक बाई हात फिरवून बघतही होती. तेवढ्यात मंडळातल्या प्रियंकानं ग्रुपवर फोटो टाकायला मोबाईल वर केला. बाईनं साडी खाली ठेवली, लगेच गोजरबाईचा हात पडला!

मी बोललेच — हे गरिबांसाठी आहे. तर म्हणते, "मग मी कोन हाय? अन् फुकट न्हेते व्हय? पैसं दिल्यात की!"

 

१० फेब्रुवारी

विक्रीचे पैसे अभ्यासिकेच्या पुस्तकांना जायचेत, त्यात सगळ्यात जास्त तिचेच आले म्हणे. मग वाईट काय झालं? पण झालं!

१४ फेब्रुवारी

मंडळात मीच हट्ट धरला — येत्या रविवारी व्यापाऱ्यांना बंदी. एकीला दोनच साड्या. प्रियंका म्हणाली, "सिद्धेश्वरीताई, उरलेल्यांचं काय करायचं मग?" उरतील कशाला?

१६ फेब्रुवारी, रविवार

उरल्या! टेबलंच्या टेबलं भरलेली. थोड्या बायका आल्या, फोटो म्हटल्यावर पदर सावरत निघून गेल्या. हॉल झाडणाऱ्या मीनाबाईंना म्हटलं, तुम्ही तरी घ्या. "नको ताई. मी गोजरबाईकडनंच घेती." जास्त पैसे देऊन? "व्हय की. तितं भांडून घेता येतंय. न्हाई आवडली तर तोंडावर टाकता येती. हितं तुमी येवढ्या मायेनं देता, नको कसं म्हनायचं?"

म्हणजे आपली माया नडली? मला राग आला. कुणाचा, तेच कळेना. गोजरबाईचा येत होता तोवर सोपं होतं.

१८ फेब्रुवारी

आईची साडी विकली गेली असेल का? बाजाराच्या दिवशी मंद्रूपला जाऊन नुसतं बघून येते. कुणीतरी हौसेनं घेताना दिसली की जीव शांत होईल.

२२ फेब्रुवारी

घेणारी होती. साडी खांद्यावर टाकून गोजरबाईशी भांडत होती. सौदा जमतच आला होता. मी मध्ये घुसले, दुप्पट देते म्हणाले.

साडी माझ्या कपाटात आहे. ती बाई हॉलमध्ये साडीवर हात फिरवणारीच होती का? तोंडाकडे बघितलंच नाही मी.