डोंगराकडे उशी

तेगेस, ४ मार्च १९९४

॥ ओम स्वस्त्यस्तु ॥

ती. म्बोक लुह हिस, धाकट्या भावाचा, मादेचा शि. सा. न.

इकडे सगळे बरे. मेमेचे गुडघे बरे आहेत, जीभ त्याहून बरी.

पत्राचं कारणही तीच. आपल्या आळीत घरोघरी गोरे पाहुणे भाड्याने राहायला लागलेत. मी आणि तुझ्या भावजयीने, सुवेनीने ठरवलंय की अंगणातलं उत्तरेचं घर पाडून तिथे न्हाणीघरासकट तीन खोल्या काढायच्या. तू सासरी गेलीस, बापा देवाघरी गेले, मेमे आमच्याबरोबर पश्चिमेच्या घरात निजते. उत्तरेला आता नुसत्या टोपल्या आणि उंदीर. पण आई ती आई, मेमे ऐकेल तर ना! म्हणते, ते घर तुझ्या बापाच्या हातांच्या मापाचं आहे, लेकींनी निजायचं आहे. लुहला विचारल्याशिवाय एक कौल काढलात तर गवंड्यांच्या कॉफीत मीठ घालीन. मी म्हटलं, लग्नात ती आपल्या पितरांचा निरोप घेऊन गेली, आता तिचे पितर सिंगाराजाचे. तर म्हणाली, तुझे तरी पितर तुझे उरलेत का ते आधी बघ.

तेव्हा बाई, शाळामास्तरणीचं चार पानी उत्तर नको. हो की नाही, एवढंच कळव. भाओजींना नमस्कार. धाकट्यावर माया असू दे, फार शहाणा नसला तरी.

तुझा,
मादे


सिंगाराजा, १७ मार्च

चि. मादे यास अनेक आशीर्वाद.

चार पाने लिहिणार नाही, पण एका ओळीतही जमत नाही.

लग्नाच्या पहिल्या रात्री मी इथे सवयीने उत्तरेला उशी ठेवली होती. सासूबाई ओरडल्या, की समुद्राकडे डोके आणि डोंगराकडे पाय करून निजणारी कुठली ही सून! आपल्याकडे डोंगर उत्तरेला, इथे तो दक्षिणेला, हे मला भूगोलात ठाऊक होते. उशीत ठाऊक नव्हते. परवा झोपेतून उठले तर उशी पुन्हा उत्तरेला. मीच कधीतरी फिरवली असणार.

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या नवऱ्याने दुसरी आणली आहे. मुलगी लग्न होऊन गेली, आता त्या घरात आपले काय, असे त्यांच्या मनात येते. घटस्फोट घेऊन बाई माहेरी परतली तर पितर तिला पुन्हा लेक म्हणून घेतात, रीतीला ते मान्य आहे. फक्त भावाच्या अंगणात जागा हवी. ती मागावी की भावाने आपणहून विचारावे, यावर आम्ही मधल्या सुट्टीत बोलतो. मला वाटते, मागू नये. हा मानीपणा की सभ्यपणा, ते मला ठरवता येत नाही.

असो. विषय तुझ्या खोल्यांचा आहे. ज्या घरात कोणी निजत नाही ते राखून काय करायचे? पाड. मेमेला सांग, मी मनापासून हो म्हटले आहे.

आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझी म्बोक


तेगेस, १२ जून

ती. म्बोकला सा. न.

खोल्या झाल्या! पेकाक रुंदा, ज्यांनी बापांचं माप घेऊन ते घर बांधलं होतं, तेच म्हातारे सुतार-उंदागी आले, पूजा करून घरातला जीव परत पाठवला, मग कुदळ लागली. छपरात बापांच्या मापाची बांबूची काठी सापडली. मी हात पसरून पाहिले तर काठीच लांब. म्हातारा म्हणाला, बापाचं घर पाडायला निघालास आणि त्याच्या कवेएवढाही नाहीस. नव्या खोल्यांना कुणाचं माप लागत नाही, पलंग मावला की झालं.

मेमेची गंमत ऐक. पाहुणे डोंगराकडे पाय करून झोपतात म्हणून ही रोज सकाळी त्यांच्या खोलीत शिरून उश्या फिरवते. त्यांना वाटतं, ही आपली सेवाच चाललीय. हात जोडतात बिचारे.

गेल्या आठवड्यात मात्र एक गिऱ्हाईक हुकलं. आम्ही सगळे देवळात होतो. दारात पिशवी घेऊन एक बाई आली, तर आपल्या डच पाहुणीने तिला खोल्या भरल्यात म्हणून सांगितलं. बाई मान हलवून गेली. दारासमोरच्या आडभिंतीवर काळ्या द्राक्षांची पुडी राहिली होती. मेमे म्हणते, ही तुमच्याकडची द्राक्षं. तिने एकही तोंडात घातलं नाही, घालूही देत नाही. तुला विचारायला सांगितलंय. काय विचारायचं ते सांगत नाही.

त्या शाळेतल्या बाईंचं पुढे काय झालं?

मादे


सिंगाराजा, २४ जून

चि. मादे यास आशीर्वाद.

शाळेतली बाई मीच. दारातली बाईही मीच.

आडभिंतीला वळसा घालून मी नेहमीच्या पायांनी आत आले. समोर तीन दारे, तिन्हींना कुलपे. पाडल्याचे माहीत होते, तरी पाय तिकडेच गेले. त्या डच मुलीने अगदी नम्रपणे विचारले, आधी कळवले होते का? मला इंग्रजी येते. हे माझे घर आहे, असे म्हणता आले असते. पण पितरांचा निरोप मी घेतला होता, पाड असे मीच लिहिले होते. खरे काय ते ठरेना, म्हणून मान हलवली. पोरीला बोलू नकोस.

तुझा दोष शोधते आणि सापडत नाही. मी नाही लिहिले असते तर तू थांबला असतास. तू ओळखावेस म्हणून मी हो लिहिले. पोरांना वर्गात सांगते, सरळ विचारा, म्हणून!

शाळेजवळ खोली भाड्याने घेतली आहे. खाट एकाच भिंतीला बसते. उशी समुद्राकडे येते.

मेमेला सांग, द्राक्षे गोड होती.

तुझी म्बोक


तेगेस, २ जुलै

म्बोक,

द्राक्षं वाळून गेली. मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा मेमेने त्यातली दोन खाल्ली आणि मला म्हणाली, गाढवा. सुवेनी रडली. मी काय केलं ते लिहीत नाही.

भाताच्या कोठारामागे जागा आहे. एक खोली होईल, लहान, पण रीतीची. बापांच्या काठीवर बांधता येत नाही, गेलेल्याचं माप चालत नाही. मेमे म्हणाली, लुहचं घ्या. पेकाक कुरकुरले, की घर घरधन्याच्या मापाचं असतं. मेमेने त्यांची कॉफी उचलून परत आत नेली, तेव्हा कबूल झाले. तुझ्या मापावर घर जिवंत व्हावं म्हणून नेहमीसारखं बोटभर जास्त धरतील.

रजा मिळत नसेल तर हात पसरून दोरी मोज आणि पाठव. एवढं ऐक.

तुझा गाढव


सिंगाराजा, ११ जुलै

चि. मादे यास आशीर्वाद.

दोरी घेतली, हात पसरले. जमले नाही. माप मधल्या बोटांच्या टोकांपर्यंत हवे ना? दोरी धरली की बोटे मिटतात आणि कव तेवढी आखडते. सोडली की दोरी पडते. शेजारणीला हाक मारली असती तर ती आली असती. मी मारली नाही.

येईन की नाही, हे आज लिहीत नाही. हो लिहून एकदा पाहिले आहे. कोठारामागे काही लावू नकोस, जागा मोकळी राहू दे, एवढेच.

दोन्ही टोकांना माणसे लागतील. एका टोकाला तू. मेमेचा हात अजून खांद्याइतका वर जातो का, ते कळव.

तुझी म्बोक