कडेवरचं पोर

प्रिय दादा,

आज लिहू, उद्या लिहू करत महिना काढला. आळशी म्हण हवं तर. पण खरं सांगायचं तर तुझ्यावरच शंका आली होती, आणि शंका आलेल्या माणसाला ‘प्रिय’ लिहायला हात धजत नव्हता.

आधी खुशाली. सायकलच्या दुकानातलं काम सोडलं. आता कागदाच्या लगद्याचे भरीव गोळे थापते. शाळांना लागतात ना तसले, पृथ्वी आणि चंद्र. खोली न्हाव्याच्या दुकानावर आहे. त्याच्या आरशातलं ऊन सकाळी माझ्या छतावर नाचतं, त्यामुळे उशिरा उठायची सोय नाही. असो, भरकटले.

पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली, म्हणजे लगदा खाल्ला म्हण. मालकीणबाई म्हणाल्या, चंद्र पृथ्वीचा चौथा हिस्सा. पृथ्वी माठाएवढी. मी तिच्या लगद्याचा चौथा हिस्सा मोजून घेतला आणि थापला. चंद्र असा टम्म फुगला की पृथ्वीचा पाठचा भाऊ वाटावा! बाई म्हणाल्या, अगं बये, चौथा हिस्सा रुंदीत धरायचा. लगदा म्हणशील तर एका पृथ्वीत पन्नासेक चंद्र होतील. सगळे हसले. त्यात तो टोपीवालाही.

हा टोपीवाला माझ्यानंतर दोनच दिवसांनी आला. रंग लावतो. वय बाबांएवढं. दिसायला गरीब, पण चौकशा फार. जेवलीस का, खोलीची कडी नीट लागते का, खोकला गेला का. खोकल्याचं मी कुणाला बोललेच नव्हते! त्या दिवशी माझा चंद्र उचलून म्हणतो कसा, “हे कसलं कडेवरचं पोर? ह्यालाच पोरं झाली असतील!” तो फसलेला गोळा त्यानं घरी मागून नेला.

दादा, मी तिथंच गार पडले. चंद्राला कडेवरचं पोर कोण म्हणतं? गच्चीवर मला कडेवर घेऊन बाबाच म्हणायचे ना? मोठमोठ्या ग्रहांची पोरं त्यांच्या मानानं चिल्लर, आपल्या पृथ्वीनंच एवढं थोराड पोर कडेवर घेतलंय. आणि आई म्हणायची, मग आता खाली ठेवा तिला, कंबर मोडेल.

नाही ठेवलं त्यांनी. आठवतं ना, प्रत्येक नोकरीत माझ्यामागे कुणीतरी असायचंच? कधी त्यांचा मित्र, कधी मित्राचा मेहुणा. म्हणून तर घर सोडलं. इथला खोलीचा नि कामाचा पत्ता फक्त तुला दिला, खोकल्याचंही फक्त तुलाच कळवलं. म्हणून हे पत्र. सरळ सांग, तू फुटलास का? टोपीवाला बाबांचा माणूस असेल तर मी उद्याच गाशा गुंडाळते, आणि या वेळी पत्ता तुलाही नाही. बाबांना माझी खुशाली हवी असेल तर त्यांनी स्वतः यावं, समोर उभं राहून विचारावं. माणसं कसली पेरतात?

थांब, खाली न्हावी कुणाशी तरी बोलतोय. खिडकीतून बघितलं. टोपीवाला जिना दाखवून मागच्या मागे सटकतोय. आणि जिन्याशी धापा टाकत बाबा उभे आहेत. एकटेच. कडेवर माझा तो टम्म चंद्र.

वर बघतायत, पण हाक मारत नाहीत. दादा, मीच खाली जाते. ओझं काढून घ्यायला हवं.

तुझीच,
थोराड