शरीफाबींचा डबा

आबा,

मी सातच्या गाडीने यावलला ड्युटीवर जाते आहे. पहाटे सहेरीचं जेवण झाल्यावर तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

काल तुमची दुपारची भाकर शेळीच्या पाटीत सापडली. म्हणजे रमजान लागल्यापासून तीन दिवस जेवतेय शेळी आणि तुम्ही चोरून रोजा धरताय. परवा नमाजाआधी वजूला हातपाय धुताना भोवळ आली ती उन्हाने नाही, शुगर उतरल्याने.

आजाऱ्याला सूट डॉक्टरांनी नाही, अल्लाहने दिली आहे. मी मौलवीसाहेबांना विचारलं. दुखणं कायमचं असेल तर सुटलेल्या प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं, त्याला फिदया म्हणतात. पन्नास वर्षांत तुमचा एक रोजा चुकला नाही, मला माहीत आहे. पण आता तुमच्या वाट्याला हे आलंय आणि तेही नीटच करायचं.

ओट्यावर डबा आहे. वरच्या खणात तुमचं जेवण, खालच्या दोन खणांत गल्लीच्या टोकाच्या शरीफाबींचं. दम्यामुळे त्यांनाही रोजा होत नाही. गोळी घेऊन साडेबाराला डबा तुम्हीच न्यायचा.

त्यांच्याशी मी बोलले आहे. त्या म्हणाल्या, "तुझा बाप माझ्यासमोर जेवला नाही, तर मीपण घास उचलणार नाही." त्यांच्या चुलीवर दुसरं काही नसतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

संध्याकाळी माझा रोजा तुमच्याजवळ बसूनच सोडीन.

शेळीला पोटभर चारा घातलाय. तिला आज भाकर लागणार नाही.

हमीदा