आढ्यावरचं नाव

१२ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघे कसे आहेत? दादा लिहितो, तुम्ही गुपचूप गच्चीवर चढता आणि वहिनीने पकडलं की टाकी बघत होतो म्हणता.

आता बातमी, ती बसून वाचा. लाँड्रीच्या इस्त्रीच्या हॉलचं छप्पर बदलायचं काम मला मिळालंय. हो, तीच लाँड्री. नव्या मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, की ‘गळके मिस्त्रीं’सारखं काम नको, थंडी पडली की इस्त्रीच्या चादरींवर टपटप सुरू होते. मी त्याच मिस्त्रींची मुलगी, हे त्यांना ठाऊक नाही. मी गप्प बसले, पण डोकं तापलं होतं.

काल पत्रे उतरवले. बाबा, पत्र्याखाली तुम्ही अंथरलेल्या प्लास्टिकवर वीस वर्षांची धूळ, तीही कोरडीठाक! एकाही स्क्रूखाली गंजाचा ओघळ नाही. पावसाचा थेंबसुद्धा आत आलेला नाही. पाणी होतं ते प्लास्टिकच्या खालच्या अंगाला. हॉलमधली वाफ वर चढायची, थंड प्लास्टिकला लागून तिचं पाणी व्हायचं आणि तेच खाली टपकायचं. फळ्या पार काळ्या पडल्यात. आढं मात्र शाबूत आहे.

पुढचं लिहायला जड जातंय. आढ्याजवळची हवेची फट सिलंटने ठासून बुजवलेली आहे. आणि आपण मिस्त्री लोक आढ्यावर पेन्सिलने नाव घालतो ना, तिथलं तुमचं नाव कुणीतरी खिळ्याने खरवडलंय. कुणी, ते कळवा.

माया आहेच, रागावलात तरी ती कमी करू नका.

तुमची ठकी

१९ जानेवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझाच राग आला.

नाव मीच खरवडलं. सात वेळा वर चढलो. दर वेळी वाटायचं, एखादं भोक राहिलं असेल. बुजवून खाली उतरायचो आणि टपटप आणखी वाढायची. सातव्यांदा ती फटही बंद केली आणि लाजेने नाव खोडलं. म्हणजे छप्पर गळत नव्हतं, मीच त्याचा श्वास कोंडला होता. पोरी, वीस वर्षांचं ओझं उतरलं बघ. पण मालकीणबाईंना माझं नाव सांगू नकोस, काम हातचं जाईल.

पुन्हा प्लास्टिक अंथरलंस तर तंगडं मोडीन. वाफ बाहेर सोडणारं अस्तर मिळतं म्हणे, पण त्या पातळ कापडावर माझा भरवसा नाही. ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ताणून बांध आणि वर थंड काच धर. काचेवर वाफ धरली तर ते खरं. मग त्यावर पाणी ओत. ते खाली झिरपलं तर दुकानदाराच्या तोंडावर मार.

वहिनी आशीर्वाद सांगते. आठवण ठेवतेसच, पत्रही धाडत जा.

तुझे बाबा

८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

अस्तर पास! काच धुकटली आणि वर ओतलेलं पाणी तासाभरानेही खाली आलं नाही. फळ्या नव्या घातल्या, त्यांवर अस्तर, अस्तरावर लाकडी पट्ट्या आणि पट्ट्यांवर पत्रे, म्हणजे मधून हवा खेळते. फट मोकळी केली, वाफ ओढायला पंखेही बसवले.

काल कडाक्याची थंडी होती. सकाळी सगळ्या इस्त्र्या चालू असताना मी हॉलमध्ये दोन तास वर बघत उभी राहिले. मान धरली, पण एक थेंब पडला नाही. मग मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, तुमची चूकसुद्धा. मालकीणबाईंनी दोघांनाही झापलं, तुम्हाला फट बुजवल्याबद्दल आणि मला गप्प बसल्याबद्दल. मग शांतपणे तुमचं खरं नाव विचारलं.

आढ्यावर मी माझं नाव घातलंय, पण वर जागा सोडून. तेवढ्या भागावरचा पत्रा पटकन उचलता यावा म्हणून दोनच स्क्रूंवर ठेवलाय. बाबा, तुमची मुलगी म्हणवून घेताना मला कधी नव्हे इतका अभिमान वाटला. या.

तुमची ठकी

१४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

गुरुवारी सकाळच्या गाडीने येतोय. दादा गुडघ्यांचं कारण सांगून अडवतोय, त्याला तुझं पत्र वाचायला दिलं, आता तोच तिकीट काढायला गेलाय.

शिडी तू धर. पेन्सिल मी आणतो.

बाबा