डाव्या दाराचा धावडा

मामाजी, आज दुपारी नागपूरहून एक माणूस आपली गाडी पाहायला आला होता. जुन्या विलायती गाड्यांचा शौकीन. चपला काढून शेडमध्ये शिरला, तेव्हाच मला आवडला. अर्धा तास गाडीभोवती फिरला, बॉनेट उघडून दोन्ही कार्बोरेटर पाहिले, तारांच्या चाकांवर टिचक्या मारून आवाज ऐकला. मग डावं दार उघडून बिजागरीच्या खांबावर नख घासलं आणि म्हणाला, "खालच्या फळ्या सागवानाच्या दिसतात, पण हा खांब धावड्याचा आहे ना? इतका मुरलेला धावडा मिळाला कुठे?" मी म्हटलं, जंगलखात्याच्या डेपोतून. पंचवीस वर्षांत हे खोटं मी इतक्या जणांना सांगितलंय, की आता ते तोंडातून आपोआप निघतं. तो गेल्यावर कप विसळत होते आणि एकदम वाटलं, बाकीच्यांचं जाऊ दे, तुम्हाला तरी खरं सांगायला हवं होतं. म्हणून ओट्यावरच वही घेऊन बसलेय.

सासूबाई गेल्या आणि तुम्ही बाजेवर पडलात, त्यानंतर चार महिन्यांनी मी या घरात तुमची सून होऊन आले. मी चंद्रपूरची, बी.एस्सी. झालेली, आणि इथे माझं काम काय, तर तुमच्या बाजेखाली चहा ठेवायचा आणि गार झाला की उचलून न्यायचा. लोक सांगायचे, हा माणूस पटाचे छकडे करायचा, बैलांच्या शर्यतीच्या हलक्या गाड्या. शंकरपटात ह्याच्या छकड्यापुढे कोणाचे बैल टिकायचे नाहीत. तो शेवटचा, जिंकलेला छकडा शेडच्या आढ्याला उलटा बांधून ठेवलेला होता. दरवर्षी पटाच्या आधी तो खाली उतरवायचा, तेल पाजायचं, सासूबाईंनी त्याला कुंकू लावायचं आणि पुन्हा वर बांधायचा, असा नेम होता म्हणे. मी आले त्या वर्षी कोणी उतरवला नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड करून होतात. तुमचे चिरंजीव मला हळूच म्हणाले होते, बाबा आता उठत नाहीत बहुतेक.

आणि मग तो दिवस. सिंदेवाहीच्या अलीकडच्या त्या राइस मिलची मागची शेड पाडायची होती. छपराचं लाकूड उतरवायला म्हणून मिलमालकाने तुम्हाला जबरदस्तीने उठवून नेलं. दोन तासांत तुम्ही परत. धोतराला, मिशांना, कानांत सगळीकडे धानाचा कोंडा. अंगणातूनच हाक मारलीत, "सूनबाई, चप्पल घाल. चाल माह्यासंगं." सहा महिन्यांत तुम्ही माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. मी कणकेच्या हातानेच निघाले.

कोंड्याच्या ढिगात ती अर्धी बुडालेली होती. दोन सीटांची, हिरवी, टप नसलेली, लांब नाकाची. कोणे एके काळी कोळशाच्या खाणीवरचा एक साहेब मायदेशी जाताना ती मिलमालकाच्या वडिलांकडे सोडून गेला होता. मालक म्हणत होता, न्या नाहीतर भंगारात जाते. मला वाटलं आता तुम्ही इंजिनाबद्दल काही सांगणार. तुम्ही मात्र डाव्या दाराजवळ गुडघ्यावर बसलात, सुटलेला पत्रा बोटाने वर उचललात आणि आत दाखवलंत. पत्र्याच्या आत लाकूड होतं. अख्ख्या गाडीचा सांगाडा लाकडाचा. खाचा, कुसू, पाचरी, सगळं सुताराच्या हातचं. "पाह्य," तुम्ही म्हणालात, "ही मोटर नोहोय बाई. हा छकडा होय. वरतून टीन मारला, एवढंच." तुमचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले, मामाजी. घारे आहेत हे मला माहीतच नव्हतं.

पुढचे पाच महिने मी आयुष्यात कधी नव्हे इतकी खूश होते. सीटखाली गाडीचं इंग्रजी पुस्तक निघालं, कडा उधळीने, वाळवीने, खाल्लेलं. ते वाचून दाखवायला घरात मीच. त्या पुस्तकाने मला चहाच्या ट्रेमधून सोडवलं आणि शेडमध्ये आणून उभं केलं. ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्रीभाऊ नमाज आटोपून संध्याकाळी यायचे. त्यांचे पाने एकाही नटाला बसेनात. एक मोठा पडायचा, दुसरा घुसायचाच नाही. शेवटी मिलच्या जुन्या विलायती ऑइल इंजिनाची गंजकी पेटी आणली, आणि तिच्यातला पहिलाच पाना असा बसला की मिस्त्रीभाऊंनी त्याचा मुका घेतला. बॅटरीच्या वेळी आमचं भांडण झालं. पुस्तकात लिहिलं होतं की या गाडीत उलटं असतं, जाड टोक बॉडीला जोडायचं. मिस्त्रीभाऊ म्हणाले, "भाभी, तीस साल झाले मी हे काम करून राह्यलो." तुम्ही रंधा खाली न ठेवताच म्हणालात, "किताबात लिहून आहे ना? मंग तसंच लाव." तेवढ्या एका वाक्यावर मी आठवडाभर हवेत होते.

उधळीने डाव्या दाराचा खांब पार पोखरला होता. तुम्ही नवा केलात, आणि तो सागवानाचा केलात. मी विचारलं होतं, सागवानच का. तुम्हाला प्रश्नच कळला नाही. "लांबून आलेली पाहुणी हाये," म्हणालात, "तिले हलकं लाकूड द्याचं का?" आपल्या जिल्ह्यात कोणीही हेच केलं असतं. देव्हारा सागवानाचा, जावयाला पलंग सागवानाचा; मान द्यायचा म्हणजे सागवान द्यायचं, यात विचार करण्यासारखं काय आहे. खांब दिसायलाही असा देखणा झाला की त्यावर पत्रा मारताना मला जिवावर आलं.

इंजिन सुरू झालं तो दिवस तर मी आजही डोळे मिटून पाहू शकते. किल्ली फिरवली की मागून पेट्रोलचा पंप टिकटिकतो, टिकटिक हळूहळू थांबते, आणि आपण तिघं श्वास रोखून उभे. मग एकदम धडधड, निळा धूर, आणि शेजारच्या कोंबड्या कुंपणापलीकडे. दोन कार्बोरेटर एका सुरात हवे म्हणून मिस्त्रीभाऊंनी रबरी नळी कानाला लावली, एकाची सूं ऐकली, दुसऱ्याची ऐकली, स्क्रू पाव आटा फिरवला. नंतर ती नळी माझ्या हातात दिली. मी सांगितलं, पुढचा जास्त ओढतोय. त्यांनी पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या सुनेले कान आहेत जी." त्याच संध्याकाळी तुम्ही पारावर जाऊन जाहीर करून आलात की या वर्षी पटाच्या मैदानात तुमचा छकडा येईल, बैलांवाचून.

पटाला बारा दिवस राहिले असताना चाचणी काढली. मिस्त्रीभाऊ चालवत होते, तुम्ही डावीकडे फेटा बांधून. बोडीच्या तळ्याजवळच्या वळणावर डावं दार फाडकन उघडलं आणि तुम्ही अर्धे बाहेर. मिस्त्रीभाऊंनी एका हाताने तुमचं धोतर धरलं म्हणून वाचलात. धोतर मात्र वाचलं नाही. बोडीवर धुणं धुणाऱ्या बाया इतक्या हसल्या की दुपारपर्यंत गोष्ट गावभर झाली. खांब स्क्रूच्या रांगेत उभा चिरला होता. तुम्ही घरी आलात, बाजेवर पडलात आणि तोंड भिंतीकडे केलंत. मी चहा ठेवला. गार झाला. परत नेला. मामाजी, मला त्या गाडीचं काही पडलं नव्हतं तेव्हा. मला त्या कपाची भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीभाऊ आले, तुमच्या बाजेजवळ उकिडवे बसले आणि भीत भीत म्हणाले, "भाऊ, एक इचारू का जी? पटाच्या छकड्याले तुम्ही सागवान लावता का?" तुम्ही भिंतीशीच बोललात, "नाई. धावडा लावतो. सागवान वाकत नाई, फुटते." म्हणजे तुम्हाला ते दारातून लोंबकळतानाच कळलं होतं. मी म्हटलं, मग धावड्याचा करू या. "वाळलेला धावडा कुठी भेटते आता? ओला लावला तं महिन्यात आकसते. राहू दे." तुम्ही पांघरूण ओढलंत. आम्ही चार आरा मशिनी पालथ्या घातल्या. सागवान होतं, बिजा होता, धावडा नव्हता.

धानोऱ्याला तुमच्या बहिणीच्या घरी लग्न होतं. तुम्हाला जायचं नव्हतं. मी तुमच्या पिशवीत कपडे भरले, चिरंजीवांना सोबत दिलं आणि बस हलेपर्यंत स्टँडवर उभी राहिले. घरी येऊन शेडचं दार आतून लावलं, शिडी टेकली आणि वर चढले.

छकड्याची दांडी, दोन बैलांमधून जूपर्यंत जाणारी ती लांब दांडी, धावड्याची होती. वीस वर्षं वाळलेली, तेल प्यालेली. मी मागच्या टोकाकडून चार फूट मोजून खूण केली. खूण केल्यावर बराच वेळ शिडीवर तशीच बसून होते, कारण दांडीवर सासूबाईंच्या कुंकवाचा डाग दिसत होता. तो पुढच्या बाजूला होता. मागचंच टोक घ्यायचं, असं स्वतःला सांगितलं आणि करवत लावली. धावडा म्हणजे लोखंड हो. सकाळपासून दिवे लागेपर्यंत एक काप. उरलेली दांडी पुन्हा बांधली, कापलेलं टोक भिंतीकडे करून त्यावर गोणपाट टाकलं. मग तुमचा चिरलेला खांब दोरीने आवळून नमुना केला आणि तीन दिवस तुमच्या पटाशीने, तुमच्या गिरमिटाने खाचा काढत बसले. हातांना फोड आले. चौथ्या दिवशी खांब बसवला आणि गाडीचं दार लावलं. खट् असा एकच आवाज आला, आणि मी एकटीच शेडमध्ये टाळ्या वाजवल्या. पुन्हा उघडलं, पुन्हा खट्. भीतीबिती सगळी त्या आवाजात कुठे गेली कोण जाणे.

तुम्ही आलात, पिशवी हातातच ठेवून दार सात-आठदा उघडलंत आणि मिटलंत. खांबावरून अंगठा फिरवलात. "कुठचा?" मी म्हटलं, डेपोतला, मिस्त्रीभाऊंनी आणला. तुम्ही माझ्या फोडांकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. वर पाहिलं नाहीत. मग म्हणालात, "वरची खाच ढिली ठेवली तू. असं काम करतेत काय? पाचर मारा लागते." आणि स्वतः बसून पाचर तासलीत. मला इतकं गोड कोणी रागावलं नव्हतं.

पटाच्या दिवशी, बैल मैदानात यायच्या आधी एक फेरी मारायची परवानगी होती. मिस्त्रीभाऊ चालवायला बसणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "सूनबाई चालवते." गेला महिनाभर ते मला मिलच्या रस्त्यावर ट्रॅक्टर चालवायला शिकवत होते हे तुम्हाला माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. मी पदर खोचला. सगळं गाव, शेजारची चार गावं, लाउडस्पीकरवाला ओरडतोय, आणि माझ्या पायाखाली ते इंजिन असं सुरात की काय सांगू. वळण आलं. मी वेग कमी करायला लागले तर तुम्ही म्हणालात, "कमी नको करू." आणि सगळ्यांना दिसेल असे, कोपर बाहेर काढून, अंगाचा सगळा भार त्या डाव्या दारावर टाकून रेललात. दार जागचं हललं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि समोरचं मैदान नीट दिसेना, तरी मी वेग कमी केला नाही.

त्यानंतर तुम्ही दहा वर्षं जगलात आणि दरवर्षी गाडी पटाला नेलीत. छकडा उतरवा असं मात्र एकदाही म्हणाला नाहीत. मला वाटायचं, गाडीच्या नादात विसरलात. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या वर्षी चिरंजीवांनी तो भाच्याला द्यायचा म्हणून खाली घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसायला लागले. तिकडून हाक आली, "अगं, बाबांनी दांडी कधी बदलली?" मी धावत गेले. दांडी पुरी होती. अख्खी, नवी, एका तुकड्याची, तुमच्या वाकसाने तासल्याचे ठोके तिच्यावर स्पष्ट. सागवानाची. पुढच्या टोकाला, पूर्वी होतं तिथेच, बोटभर कुंकू. पटाच्या छकड्याला सागवान कधी लावायचं नाही म्हणणाऱ्या माणसाने, कोणाला काही कळू नये म्हणून, कधीतरी मी माहेरी गेले असताना शिडी चढून हे केलं होतं. चिरंजीव वाट पाहत होते. मी म्हटलं, बदलली असेल कधीतरी, पण हा पटाला देऊ नका, मोडेल. तुला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं नाही. आता मला कानाबरोबर लाकडाचंही कळतं असं घरात धरून चालतात.

तर तुमचा छकडा मी कापला, मामाजी. खांबाला पावणेतीन फूट लागले. उरलेल्या तुकड्याचं मी लाटणं केलं. तुम्ही एकदा जेवता जेवता ते उचलून हातात तोललं होतंत आणि काही न बोलता पोळपाटावर ठेवलं होतंत. तेव्हा मला वाटलं होतं, पोळी जाड झाली म्हणून पाहताय.

वहीतले हे कागद फाडून गाडीच्या त्या पुस्तकात ठेवून देते, बॅटरीच्या पानाशी. तुमच्याशी खोटं बोलले याचं वाईट वाटतं. कापल्याचं मात्र अजून वाटत नाही.